कशाचे टक्के?

भारत आमच्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. ताइफमधल्या प्रत्येक मराठी घराला हे पाठ असतं, कारण गावी फोन करायचा तर आधी हा हिशेब करावा लागतो. दुबईवाल्यांचा फरक दीड तासाचा, लंडनवाल्यांचा उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच. आपल्या देशाचं घड्याळच अर्ध्या तासावर बेतलेलं, त्यामुळे परदेशी कुठेही गेलात तरी बहुतेक ठिकाणी अपूर्णांक काही पाठ सोडत नाही.

माझ्याकडे अभ्यासाला येणारा एक मुलगा आहे, पाचवीतला, मूळचा खेड तालुक्यातला. एकदा तो रडवेला होऊनच आला. दादी फोन उचलत नव्हती. दादीने सांगितलं होतं, "बाळा, पाऊण तासाने कर, मी जरा बाजारात जाऊन येते." याला 'पाव' माहीत होता, 'पाऊण' नव्हता. पंधरा मिनिटांनी त्याने फोन लावला, मग लावतच राहिला. दादीचा फोन घरी चार्जिंगला आणि दादी बाजारात. तिकडे म्हातारी घरी येऊन बघते तर अकरा मिस्ड कॉल. तिच्याही पोटात गोळा आला.

त्या दिवशी इंग्रजीचा धडा बाजूला ठेवून मी घड्याळ काढलं.

शिकवणी म्हणावं असं हे काही नाही. साताऱ्याजवळच्या प्राथमिक शाळेत मी नऊ वर्षं शिकवलं, मग इकडे आले. सोसायटीतली चार-पाच मुलं आठवड्यातून तीन दिवस ओट्याशेजारच्या टेबलावर बसतात. सगळी इंग्रजी माध्यमातली. घरी मराठी, कोकणी, उर्दूमिश्रित हिंदी. खाली बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, अरबी. पाढे इंग्रजीत आणि मारामारी कुठल्या भाषेत होते ते मला अजून कळलेलं नाही.

पाचवीत अपूर्णांक, दशांश आणि पुढे शेकडेवारी यांची जी रांग लागते, तिथे बऱ्याच मुलांची गाडी घसरते. गावच्या शाळेतही घसरायची. चूक ठरलेली असते: १/८ हा १/४ पेक्षा मोठा, कारण आठ चारपेक्षा मोठे. १/३ आणि १/४ ची बेरीज २/७, कारण वरचे वरच्यात आणि खालचे खालच्यात. ही चूक आळशी मुलाची नसते बरं का. उलट, पूर्ण संख्यांचे नियम ज्याने मनापासून पाठ केलेत, तोच ती ठामपणे करतो.

सगळी पुस्तकं इथे पिझ्झा दाखवतात. मी तमीस आणते. तमीस म्हणजे इथल्या भट्टीवर मिळणारी मोठी गोल रोटी, परातीएवढी. एक तमीस मुलांच्या समोर ठेवायची आणि म्हणायचं, चौघांत वाटा. आणखी चौघं आले तर? वाटेकरी वाढले की तुकडा लहान होतो हे भुकेल्या मुलाला सांगावं लागत नाही. 'छेद' या शब्दाचा अर्थही तिथेच कळतो. सुरी फिरवली की छेद. आपल्याकडे भाकरीच्या पाव तुकड्याला 'चतकोर' म्हणतात हे सांगितल्यावर सांगलीच्या एका मुलीने तो शब्द असा काही उचलला की आता चॉकलेटचीही चतकोर मागते.

पण १/८ चं कोडं त्या खेडच्या मुलाला तमिशीने सुटलं नाही. ते सुटलं त्याच्याच एका वाक्याने. तो संध्याकाळी कुराण पठणाला जातो. सहज विचारलं, आज किती झालं? म्हणाला, "एक रुब." मला कळेना. मग त्याने समजावलं, अगदी मास्तरासारखं: कुराणाचे तीस भाग, त्याला जुझ म्हणायचं. एका जुझचे दोन हिज्ब. एका हिज्बचे चार रुब, म्हणजे पाव. समासात तशा खुणा छापलेल्या असतात, पाव हिज्ब, अर्धा हिज्ब, पाऊण हिज्ब. मी विचारलं, "मग एक रुब म्हणजे जुझचा कितवा भाग?" क्षणभर थांबून म्हणाला, "आठवा." "आणि अख्ख्या कुराणाचा?" बोटं मोडत, ओठ हलवत त्याने काढलं, दोनशे चाळिसावा.

पावाचा अर्धा म्हणजे आठवा भाग, हे जे मी महिनाभर सांगत होते, ते तो रोज संध्याकाळी तोंडाने म्हणतच होता. फक्त त्याला कुणी सांगितलं नव्हतं की हेच ते गणित.

तेव्हापासून मी मुलांच्या तोंडातले अपूर्णांक गोळा करायला लागले. आपली मराठी या बाबतीत भलतीच श्रीमंत आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, आणि पुढे साडे-पावणे. 'पाऊण' म्हणजे पाद-ऊन, पाव कमी. 'सव्वा' म्हणजे सपाद, पावासकट. माझ्या आजोबांच्या वेळी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घोकून घेत. औट म्हणजे साडेतीन. बाजारात शेर-पावशेर होते, रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होते, सगळं अर्ध्याचं अर्धं करत जाणारं. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि औटकीचं पोट भरायचं साधन गेलं. शाळेतून ती गेली याचं मला फारसं दुःख नाही, घोकंपट्टीच होती ती. पण शब्दही जायला लागले याचं आहे. 'थ्री फोर्थ' म्हणणाऱ्या मुलाला त्यात पाव कमी आहे हे दिसत नाही. 'पाऊण' म्हणणाऱ्याला ऐकू येतं.

गंमत म्हणजे अरबीतही वेळ अशीच सांगतात. पावणेतीन म्हणजे 'तलाता इल्ला रुब', तीन, पाव वगळून. सव्वातीन म्हणजे 'तलाता व रुब', साडेतीन 'तलाता व नुस्स'. वर त्यांच्याकडे एक जास्तीची गोष्ट आहे, 'तुल्त', तिसरा भाग. तीन वाजून वीस मिनिटं झाली की 'तलाता व तुल्त', तीन आणि एक तृतीयांश. आपण अर्ध्याचे अर्धे करत बसलो, आपल्या रोजच्या बोलण्यात तिसऱ्या भागाला असा चटपटीत शब्दच नाही. 'एक तृतीयांश' म्हटलं की वर्गात बसल्यासारखं वाटतं. मुलांना मी हे सांगितलं तर त्यांना ताबडतोब खेळ सापडला. एकाने मराठीत वेळ म्हणायची, दुसऱ्याने अरबीत, तिसऱ्याने भारतातली वेळ काढायची. दादी पावणेआठला फोन कर म्हणाली तर इथे किती? पावणेआठ म्हणजे एकतीस पाव, अडीच म्हणजे दहा पाव, उरले एकवीस पाव, म्हणजे सव्वापाच. छेद समान केल्याशिवाय वजाबाकी होत नाही, हा नियम मी तोंडातून काढलासुद्धा नाही.

आता ताइफची गोष्ट निघालीच आहे तर गुलाबाबद्दल सांगायला हवं. हे गाव समुद्रसपाटीपासून साधारण अठराशे मीटरवर, मक्केच्या उन्हापासून वर चढून आलं की एकदम महाबळेश्वरला पोचल्यासारखं वाटतं. मार्च सरत आला की हदा आणि शफाच्या बाजूच्या मळ्यांत गुलाब फुलतो. पहाटे तोडायचा, ऊन चढायच्या आत भट्टीवर पोचवायचा. २०२४ मध्ये युनेस्कोने ताइफच्या गुलाबाच्या या साऱ्या परंपरेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, त्याचं इथे फार कौतुक झालं.

पण मला धक्का बसला तो दुकानात. गुलाबाचं अत्तर इथे तोळ्यावर विकतात. हो, तोळाच. 'तोला' म्हणतात, पण वस्तू आपलीच. हिंदुस्थानातून व्यापाराबरोबर आलेलं माप, साडेअकरा ग्रॅमच्या किंचित वर. आपल्या सराफ कट्ट्यावर तोळा आता दहा ग्रॅमचा झाला, इथल्या अत्तराने जुना सांभाळलाय. एका तोळ्याला दहा-बारा हजार फुलं लागतात असं सांगतात. अर्थात अख्खा तोळा कोण घेतो? लोक 'रुब तोला' घेतात. मुलांना घेऊन गेलो होतो. मी म्हटलं, बारा हजार फुलं धरा. पाव तोळ्याला किती? तीन हजार. त्याच्याही अर्ध्याला? दीड हजार. सांगलीची मुलगी त्या बोटाएवढ्या कुपीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "काकू, म्हणजे छेद मोठा झाला तरी फुलं खूपच आहेत." बारा हजारांचा आठवा भाग आणि एका तमिशीचा आठवा भाग सारखे नसतात, आधी 'कशाचा' ते विचारायचं. हा प्रश्न त्या दिवशी तिने मला दिला. मी तो टेबलावरच्या फळ्यावर कोपऱ्यात लिहून ठेवला: कशाचा?

दशांशांनी मात्र जीव काढला. त्याचं एक कारण थेट इथल्या मातीतलं आहे. अरबी अंकांत शून्य म्हणजे नुसतं टिंब. आणि पाच म्हणजे छोटंसं वर्तुळ, अगदी आपल्या शून्यासारखं. दशांश चिन्ह म्हणून टिंब नाही, तर स्वल्पविरामासारखी खूण. आता अडीच रियालची पाटी डोळ्यांसमोर आणा: दोन, मग स्वल्पविराम, मग गोल, मग टिंब. शाळेच्या वहीत टिंब म्हणजे दशांश चिन्ह आणि गोल म्हणजे शून्य. बकाल्यात टिंब म्हणजे शून्य आणि गोल म्हणजे पाच! आठ-नऊ वर्षांच्या पोराने काय करावं? गोंधळ होणारच. मी मुलांना दोन्ही पाट्या करायला लावल्या, एकीकडे वहीतले अंक, एकीकडे दुकानातले, आणि दुकान-दुकान खेळायला लावलं. दोन आठवड्यांत माझ्यापेक्षा त्यांना भराभर वाचता यायला लागलं.

दुसरी चूक मात्र जगभरची आहे. ०.२५ मोठं की ०.५? पंचवीस मोठे पाचाहून, म्हणून ०.२५. यात पैशांचा दोष असतो. २.५ रियाल म्हणजे दोन रियाल पाच हलाला असं मुलं वाचतात. म्हणून मी खरी नाणी घेते. रियालचे शंभर हलाला, पंचवीस आणि पन्नासची नाणी मिळतात. पाच दशांश म्हणजे दहाची पाच नाणी, पंचवीस शतांश म्हणजे एकची पंचवीस. मग ढीग बघून ठरवा. आणि वाचताना 'पॉइंट ट्वेंटीफाइव्ह' म्हणायला बंदी. 'शून्य पूर्णांक दोन पाच' म्हणायचं.

एक जण वैतागून म्हणाला, हे दशांश कुणी काढले? मला या प्रश्नाचं उत्तर द्यायला फार आवडतं. शून्यासकट दहा अंकांची रीत भारतातून इकडे आली. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त अपूर्णांक वर अंश, खाली छेद असेच मांडतात, फक्त मधली आडवी रेघ नाही. ती रेघ पश्चिमेकडच्या अरबी गणितज्ञांनी वापरात आणली. आणि एकाहून लहान भागांसाठी एककाच्या अंकावर खूण करून दशांश लिहिणारा उक्लिदिसी हा दमास्कसचा, साल ९५२, आणि त्याचं पुस्तक होतं 'हिंदी हिशेबा'वर. युरोपात स्टेविनचं दशांशांवरचं पुस्तक आलं १५८५ ला. "म्हणजे आपलं आणि यांचं मिळून," खेडचा मुलगा म्हणाला. मी म्हटलं, तसंच काहीसं.

मग आले टक्के. टक्के शिकवायला सौदीसारखी जागा नाही. २०१८ च्या जानेवारीत इथे ५ टक्के व्हॅट आला आणि १ जुलै २०२० पासून तो थेट १५ झाला. प्रत्येक बिलावर छापलेला असतो. सोन्याच्या दुकानात एकवीस कॅरेटच्या बांगडीवर ८७५ चा शिक्का, आपल्या बावीस कॅरेटवर ९१६. चोवीसपैकी एकवीस म्हणजे हजारात ८७५, हे काढून दाखवल्यावर घरच्या आयाही टेबलाशी येऊन बसल्या. जकातीचे अडीच टक्के म्हणजे चाळिसावा हिस्सा हे काही मुलांना आधीच ठाऊक होतं.

एका दिवशी मी सुपरमार्केटचं बिल घेतलं. एकूण ११५ रियाल, व्हॅट धरून. मूळ किंमत किती? सांगलीच्या मुलीने लगेच ११५ चे १५ टक्के काढले, १७.२५, आणि वजा करून म्हणाली, ९७.७५. खेडच्याने शंभरावर १५ चढवून ११५ करून दाखवले. दोघंही हट्टाला पेटली. मग सव्वादोन रियाल गेले कुठे? बराच वेळ भांडण चाललं. शेवटी मुलीनेच फळ्याच्या कोपऱ्याकडे बघितलं. व्हॅट शंभराचा घेतला होता, ती ११५ चा परत मागत होती. कशाचे टक्के, ते चढताना एक आणि उतरताना दुसरं.

मुलगा त्यानंतर गप्पच झाला. जाताना दारात विचारलं, "काकू, आधी वीस टक्के कापले आणि मग वीस टक्के वाढवले, तर?" मला वाटलं, पुस्तकातलं उदाहरण असेल. मी म्हटलं, "पाच हजार घेऊन बघ." तिथेच चपलेत उभं राहून त्याने केलं. पाच हजारांचे वीस टक्के हजार, राहिले चार. चार हजारांचे वीस टक्के आठशे. झाले चार हजार आठशे. मी त्याला शाबासकी दिली. पाठ थोपटली. आज आठवलं की वाईट वाटतं.

रात्री त्याच्या आईचा फोन. "ताई, तुम्ही काय शिकवलंत हो त्याला?" आवाज रागाचा नव्हता, थकलेला होता. त्याचे अब्बा एसी मेकॅनिक. कंपनीला काम कमी म्हणून पगारात वीस टक्के कपात झाली होती. दीड वर्ष तसंच चाललं. मग कागद आला, वीस टक्के वाढ. घरात बिर्याणी झाली, खेडला फोन गेला, की झालं पहिल्यासारखं. हातात येणारा आकडा भत्ते, ओव्हरटाइम, गावी पाठवायची उचल यांत मिसळून जायचा, कुणी मोजलं नव्हतं. आणि त्या रात्री जेवताना पोराने सगळ्यांसमोर सांगितलं की अब्बा, पहिल्यासारखं नाही झालेलं. दोनशे कमीच आहेत. पहिल्यासारखं व्हायला वीस नाही, पंचवीस टक्के लागतात. "जेवले नाहीत ते," आई म्हणाली. "ताटावरून उठून गेले."

मला काही सुचेना. मुलाचं गणित बरोबर होतं. पण बापाच्या ताटात ते मांडायला मी त्याला पाठवलं नव्हतं. किंवा पाठवलंच होतं, मला माहीत नसताना. 'कशाचे?' विचारायची सवय लावायची आणि ती वहीपुरतीच ठेव असं सांगायचं, हे कसं जमणार? साताऱ्याला असते तर घरी गेले असते, वहिनीशी चार शब्द बोलून आले असते. इथे नुसतीच फोन हातात धरून बसले. मुलगा पुढचे दोन दिवस आला नाही.

तिसऱ्या दिवशी बाप-लेक दोघं दारात. आमचे हे घरात होते, त्यांनी आत बोलावलं. भाईंच्या हातात गरम तमीस, कागदात गुंडाळलेली. टेबलावर ठेवून म्हणाले, "ताई, पोरगा बरोबर बोलला. मी ऑफिसात जाऊन विचारलं." हिशेबवाल्याने कॅल्क्युलेटरवर दोनदा करून बघितलं म्हणे, आणि मग म्हणाला, कागदावर वीसच लिहिलंय. भाईंनी अर्ज दिलाय. हे लिहीपर्यंत उत्तर आलेलं नाही.

मग जरा घुटमळत म्हणाले, "मी सातवी. पाव-पाऊण सगळं येतं, पाइप कापताना लागतंच. पण हे टक्के कधी कळलेच नाहीत. पोराला विचारायला बरं वाटत नाही. शुक्रवारी तासभर बसलो तर चालेल का?"

पहिल्या शुक्रवारी ते एकटेच नव्हते. त्यांच्या कंपनीतले आणखी दोघं आले, एक महाडचा, एक आझमगढचा, दोघांच्या खिशात घड्या घातलेल्या पगाराच्या चिठ्ठ्या. मुलगा कोपऱ्यात चित्र रंगवत बसला होता. मी तमिशीपासूनच सुरुवात केली, हसले नाहीत कुणी. नाण्यांवरून टक्क्यांवर यायला चाळीस मिनिटं लागली. मोठी माणसं मुलांपेक्षा भराभर शिकतात, फक्त चूक झाली की जास्त लाजतात.

महाडच्या माणसाने मग ओव्हरटाइम काढला. "आपल्याला दीडपट मिळतो," तो म्हणाला. मी काही बोलायच्या आत कोपऱ्यातून आवाज आला, "कशाच्या?"

इथल्या कामगार कायद्यात ओव्हरटाइमच्या तासाला त्या तासाचं वेतन, अधिक मूळ वेतनाचे ५० टक्के असं आहे. नुसतं दीडपट नाही. आम्ही त्याची चिठ्ठी उलगडली. मूळ पगार धरला तर तासाला दहा रियाल पडत होते, भत्ते धरून साडेबारा. साडेबारा अधिक दहाचे अर्धे पाच. साडेसतरा.

"मला पंधरा लावतात," तो म्हणाला.

त्याने चिठ्ठी उलटी केली, मुलाकडून पेन्सिल मागून घेतली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर गेल्या महिन्याचे तास लिहून अडीचने गुणायला घेतलं. मी चहा टाकायला उठले.